जावळाची लोकर

सोलापुरात माझं लोकरीचं दुकान होतं असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. ज्या गावात मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे ही बाई लोकर विकायची कोणाला? पुण्याच्या माझ्या नणंदबाई पाहुण्यांशी ओळख करून देताना "ही आमची वहिनी, सोलापुरात स्वेटर विणते" एवढंच म्हणून थांबायच्या. हसायला जागा ठेवून. मीही हसायचे. पण भवानी पेठेतल्या त्या दहा बाय आठच्या खोलीत मी एकतीस वर्षं बसले, आणि हात रिकामे ठेवून बसल्याचा दिवस मला आठवत नाही.

आमचा हंगाम गणपती गेले की सुरू व्हायचा. आधी दिवाळीची कामं. दाराला क्रोशाचं तोरण, दिवाळसणाला येणाऱ्या जावयाचा स्वेटर, बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या बाळाला टोपडं आणि कुंची. दिवाळी सरली की संक्रांतीची घाई. बोरन्हाणासाठी काळं झबलं लागायचं, तेही आतून मऊ, कारण वरून हलव्याचे दागिने टाचले की बाळाला टोचतात आणि मग फोटोत सगळे हसत असतात नि बाळ तेवढं रडत असतं. थंडी आमच्याकडे मोजून दोन-अडीच महिने. पण ती येते तेव्हा 'सात रस्ता' चौकात सकाळी रिक्षावाले कान बांधून उभे असतात, आणि त्यांच्यातल्या निदान चौघांच्या कानटोप्या मी ओळखायचे.

दुकान माझ्या एकटीचं नव्हतं. दाराजवळच्या उजेडात पद्माचं पायमशीन असायचं. पद्मा विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिचा नवरा चादरीच्या मागावर कामाला होता. विणायचं मी आणि शिवायचं तिनं, अशी आमची वाटणी. तिच्या मते विणकाम म्हणजे दोन काड्या घेऊन वेळ घालवणं. माझ्या मते शिवणकाम म्हणजे चांगल्याभल्या कापडाचे तुकडे करायचे आणि मग तेच जोडत बसायचं. या एका विषयावर आम्ही इतकी वर्षं भांडलो, की नवीन गिऱ्हाईक घाबरायचं आणि जुनं गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसायचं.

ज्यांनी कधी सुया हातात धरल्या नाहीत त्यांना आमच्या धंद्यातली एकच गोष्ट सांगते. माप घेऊन लगेच विणायला बसायचं नसतं. आधी वीतभर चौकोन विणून बघायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग मोजायचा. प्रत्येक लोकरीचा स्वभाव वेगळा. एक पाण्यात सैल सुटते, दुसरी आखडते. हा चौकोन न विणता केलेला स्वेटर म्हणजे सासूच्या अंगाचा जावयाला. आणि तयार स्वेटर देताना मी प्रत्येकाला तीन गोष्टी बजावायचे: गरम पाणी नको, पिळायचं नाही, दोरीवर टांगायचा नाही. हे मी इतक्या वेळा बोलले आहे, की माझा नातू बोलायला लागल्यावर आंघोळीच्या बादलीकडे बोट दाखवून "गम पाणी नको" म्हणायचा.

गिऱ्हाइकांच्या गमती सांगायच्या तर पुष्कळ आहेत. एकच सांगते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे विणकाम शिकायला आले. वर्गात सगळ्या बायका. ते बिचारे भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि प्रत्येक ओळीचे टाके मोठ्यानं मोजायचे. वीस वर्षं ज्याच्याबरोबर ड्यूटी केली त्या ड्रायव्हरसाठी त्यांना मफलर विणायचा होता. त्याच्या छातीत थंडीत कफ भरायचा. मी सुलट टाका शिकवला, उलट शिकवला. पठ्ठ्याचा एक टाका कधी सुटला नाही. आठ दिवसांत मफलर होईल असं मी धरलं होतं. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, माणूस विणतोच आहे. शेवटी एकदा सगळ्या बायका गेल्यावर हळूच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, हे थांबवायचं कसं?" आयुष्यभर एक घंटी मारून गाडी थांबवलेला माणूस! टाके बंद कसे करायचे ते विचारायला लाजत होता. तो मफलर त्या ड्रायव्हरनं गळ्याभोवती पाच वेढे घेऊन वापरला म्हणतात.

पण मला जे खरोखर सांगायचं आहे ते भामाबाईंविषयी. त्यात माझी फजिती आहे आणि थोडी लाजही आहे, म्हणून इतकी वर्षं मी ते कुणाला नीट सांगितलं नव्हतं.

दसरा होऊन तीन-चार दिवस झाले होते. दुपारी एक उंच, काळीसावळी, साठीच्या पुढची बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, काखेत गोणपाटाचं बोचकं. बराच वेळ ती खिडकीत लटकवलेल्या रंगीत लोकरीच्या गुंड्यांकडे बघत होती. मग आत आली, गुलाबी गुंडा दोन बोटांत चोळला आणि म्हणाली, "ही कुटल्या मेंढराची वं?"

मी म्हटलं, "ती मेंढीची नाही. कारखान्यात करतात."

"तरीच," ती म्हणाली. "मेलेल्यावानी लागतीया." आणि तिनं बोचकं सोडलं.

आत लोकर होती. हातानं चातीवर, म्हणजे टकळीवर, कातलेली, बारीक, एकसारखी, सात-आठ लडी. लांबून काळी, पण दाराशी नेली तर उन्हात तपकिरी छटा मारत होती. आणि वास! सगळी खोली एका क्षणात मेंढवाडा झाली. पद्मानं पदर नाकाला लावला.

भामाबाई माळशिरसच्या बाजूच्या. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. नवऱ्याचे डोळे दाखवायला सोलापूरला आल्या होत्या. त्याला दवाखान्यात बसवून त्या एकट्याच लोकरीचं दुकान शोधत फिरल्या होत्या.

"मला हेचा सुटर पायजे," त्या म्हणाल्या. "आमच्या आश्विनीला. पोराची पोरगी. जनावरांची डाक्टर झालीया. आता दिवाळी झाली की फुडं शिकाया हिमाचलात चाललीया, मेंढरावरच. तितं बरफ पडतंया म्हनं."

मी लोकर हातात घेतली. आमच्याकडच्या मेंढीची लोकर घोंगडीची. जाड आणि खरखरीत. स्वेटर करून अंगाशी घातला तर माणूस दिवसभर खाजवत बसेल. मी तसं सांगितलं.

"ही तशी न्हाय की वं बाई. ही जावळाची हाय. कोकराची पयली कातरनी. हात तर लावून बगा."

मी गालाला लावून पाहिली. खरंच, मला वाटलं होतं त्याहून खूप मऊ होती. तरी बोचत होतीच. मी म्हटलं, "तिला घोंगडी द्या ना. थंडीत घोंगडीसारखं काही नाही."

"घोंगडं पांगरून कालेजात कशी जाऊ म्हनली. खरं हाय तिचं." त्यांनी लडी पुन्हा एकावर एक रचल्या. "तिच्यासाठी ठेवलीया एवडीच लोकर. आता फुडं न्हाय. मेंढरं इकली आमी. समदीकडं ऊस झाला, चारायचं कुटं? मालकाचं गुडगं गेलं. पोरगा कारखान्यावर जातुया. ही शेवटची कातरनी."

त्या रडल्या वगैरे नाहीत. बाजारात भेंडीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी पद्माकडे पाहिलं. पदर नाकाला लावलेला तसाच ठेवून तिनं मान हलवली: घे.

मी काम घेतलं. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आश्विनी निघणार होती.

विणायला बसले तेव्हा कळलं मी काय अंगावर घेतलं आहे ते. सात नंबरच्या सुया घेतल्या. आमच्यात नंबर जितका लहान तितकी सुई जाड. गिरणीची लोकर सुईवरून आपोआप सरकते. ही सरकायची नाही, ओढावी लागायची. चार दिवसांत माझ्या तर्जनीला चीर पडली. लोकरीला मूळचं तेल असतं, त्यानं हात बुळबुळीत. पण पाचव्या-सहाव्या दिवशी काहीतरी बदललं. हात त्या लोकरीला सरावले. टाके असे घट्ट शेजारी शेजारी बसू लागले, की मी दुसरी सगळी कामं बाजूला सारून तेच विणत राहिले. आश्विनीचं माप भामाबाईंनी दोरीला गाठी मारून दिलं होतं. छातीची गाठ, बाहीची गाठ, उंचीची गाठ. वसुबारसेच्या आदल्या दिवशी स्वेटर पुरा झाला. दोन लडी उरल्या. काळाभोर, पुढून बटणांचा, छातीवर दोन जाड वेण्या. आयुष्यात विणलेल्या स्वेटरांत तो सगळ्यात चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

फक्त वास येत होता.

मी मनाशी विचार केला. पोरगी एवढी शिकलेली, परक्या मुलखात, वसतिगृहात राहणार. स्वेटर घालून वर्गात बसली आणि मुली नाक मुरडायला लागल्या तर? मला ते चित्र डोळ्यांसमोर दिसायला लागलं. थंड पाण्यात दोनदा बुडवून काढला. वास तसाच. तिसऱ्यांदा साबण घालून काढला. वास कमी झाला, पण होताच. दिवाळीची कामं खोळंबली होती, गिऱ्हाइकं दारात उभी. आणि मी, जिनं इतकी वर्षं जगाला गरम पाणी नको म्हणून सांगितलं, ती मी घरी गेले, तो स्वेटर सुनेच्या कपडे धुण्याच्या मशीनमध्ये टाकला, साबणाची पूड घातली आणि बटण गरम पाण्यावर फिरवलं. म्हटलं, एकदाच. थोडंसंच गरम.

का केलं? घाई होती हे खरं. पण खरं कारण असं की त्या वासाची लाज आश्विनीच्या आधी मलाच वाटत होती.

मशीन थांबलं. झाकण उघडलं. आतून मी जे काढलं ते सात वर्षांच्या मुलाच्या मापाचं होतं. टाके दिसेनासे झाले होते. वेण्या बसून गेल्या होत्या. सगळं मिळून एक जाड, टणक काळं फडकं. मी ते ओढून बघितलं, ताणून बघितलं, इस्त्री फिरवून बघितली. एक सूत हललं नाही.

दुकानात येऊन मी ते पद्मापुढे टाकलं. मग मी जे केलं ते सांगायची मला लाज वाटते. दुकानात तेवढी काळी लोकर नव्हती, म्हणून पिशवी उचलली, बाजारात गेले आणि घेऊन आले. चांगल्यातली, मऊ. मनाशी हिशेब केला: चार दिवस आहेत, रोज सकाळपासून बसले तर तसाच स्वेटर होतो. काळा तो काळा. कोण ओळखतंय?

मी टाके घातले. पद्मा मशीनवर बसून बघत होती. मी दहा ओळी विणल्यावर ती म्हणाली, "अक्का, काय करायलाय?"

"दिसत नाही का?"

"दिसायलंय की. पण ती बाई आली त्या दिवशी काय म्हणाली ते विसरलाय तुम्ही. दोन बोटांत धरून सांगितली ती, मेलेली लोकर हाय म्हणून. तिच्या हातात हे देणार?"

"मग काय सांगू तिला? तुमची शेवटची लोकर मी उकडून टाकली म्हणून?"

"व्हय," पद्मा म्हणाली. "तेच सांगा."

मी सुया खाली ठेवल्या. भामाबाईंच्या मुलाचा फोन नंबर वहीत होता. फोन लावला, आईला द्या म्हटलं. त्या फोनवर आल्या आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हाय ते टाकू नगा. उद्या येती."

धनत्रयोदशीला, सकाळच्या एसटीनं, त्या आल्या. बरोबर आश्विनी. तेवीस वर्षांची, पंजाबी ड्रेस, पाठीला सॅक, चेहरा थेट आजीचा. मी तो आखडलेला स्वेटर समोर ठेवला आणि खाली बघत राहिले.

भामाबाईंनी तो उचलला. उलटा केला, सुलटा केला. उजेडाकडे धरला, आरपार काही दिसेना. नख लावून टाका उचकटायचा प्रयत्न केला. आणि त्या चक्क हसल्या.

"ह्यो तर बुरनूस झाला की!"

मला काही कळलं नाही.

"अवं, लोकर ऊन पान्यात घालून तुडिवली की आशीच व्हती. बुरनूस म्हंजी पांगरायचं जाड कांबळं, त्यो असाच करत्यात, मुद्दाम तुडवून. मग त्यातनं वारं जात न्हाय, पानी बी लौकर शिरत न्हाय. तुमी म्हनला खराब झाली, मला वाटलं जळली का काय." मग त्यांनी पद्माच्या मशीनवरची कात्री उचलली. "ही चालवू का?"

मी ओरडलेच. विणलेल्या कापडाला कात्री लावणं म्हणजे आमच्यात खून. एक धागा तुटला की सगळं ओघळतं. पण भामाबाईंनी खालच्या कडेला कचकन कात्री मारली आणि ती कड माझ्यापुढे धरली. एक धागा सुटला नव्हता. लोकरीत उभं आयुष्य गेलं म्हणवणारी मी, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

पद्मा मात्र उठून उभी राहिली होती. तिनं तो तुकडा चोळला, दुमडला, आणि तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी ओळखत होते. तिला कापड मिळालं होतं.

"अक्का," ती म्हणाली, "आता हे तुमचं राहिलं नाही. हे माझं झालं."

मी आश्विनीला म्हटलं, "मुली, वास येत होता म्हणून मी हे केलं गं. तुला तिथे कोणी हसू नये म्हणून."

ती म्हणाली, "काकू, मी तिथं दिवसभर मेंढ्यांतच असणार आहे. माझ्या अंगालाच वास येणार की. कुणाला काय कळणार?"

पद्मा इतकी हसली की मशीनला धरून बसली. मलाही हसू आलं. पण मी त्या पोरीची लाज परस्पर ठरवून टाकली होती. तिला विचारलंच नव्हतं.

मग दुपारभर आम्ही चौघींनी काम केलं. पद्मानं स्वेटर दोन्ही बाजूंनी उभा कापला, बाह्या सोडवल्या, काखा मोकळ्या केल्या. आश्विनीला मध्ये उभी करून तुकडे तिच्या अंगावर टाचले. पाठ आणि छाती झाकली जात होती, पण दोन्ही बगला उघड्या राहत होत्या आणि बाह्या कोपराच्या खाली येत नव्हत्या. पद्मा घरी जाऊन नवऱ्याच्या मागावरच्या चादरीचा एक जाड पट्टा घेऊन आली, लाल आणि हिरव्या नक्षीचा. तो बगलांत बसवला. बाह्यांनाही त्याचेच पट्टे जोडले. मशीनच्या दोन सुया मोडल्या. मग अठरा नंबरची घातली तेव्हा जमलं; मशीनच्या सुईचं आमच्या उलट, नंबर मोठा तितकी ती जाड. आतून सगळीकडे मऊ सुती अस्तर, त्यामुळे बोचण्याचा प्रश्नच मिटला. मनगटाला आणि गळ्याला घट्ट विणलेली पट्टी हवी होती, ती मी उरलेल्या दोन लडींतून विणली. या वेळी आधी वीतभर चौकोन विणला, थंड पाण्यात धुतला आणि मग मोजला. भामाबाई खाली बसून लडीचा गुंडा करून देत होत्या. त्यांच्या हाताची गती बघून मला माझ्या हातांची कीव आली.

शिवणीचं बारीकसारीक काम दुसऱ्या दिवशी पद्मानं उरकलं, आणि पाडव्याला सकाळी भामाबाईंचा मुलगा येऊन जाकीट घेऊन गेला. येताना त्यानं घरच्या करंज्यांचा डबा आणला होता. जाकिटाला आम्हा चौघींना मिळून एक नावही ठेवता आलं नाही. बंडी म्हणावी तर बाह्या होत्या, स्वेटर म्हणावा तर शिवलेला होता.

ते वर्ष नेहमीसारखं गेलं. फक्त भामाबाई नवऱ्याच्या डोळ्यांसाठी सोलापूरला आल्या की दुकानात टेकायला लागल्या. मी त्यांना सुया धरायला शिकवल्या, त्यांनी मला चाती फिरवायला. त्यांना दोन-तीन खेपांत जमलं. मला अजून जमलेलं नाही. माझा धागा एका जागी दोरखंड आणि एका जागी केस.

पुढच्या दिवाळीला आश्विनी सुट्टीवर आली. घरी जायच्या आधी थेट स्टेशनवरून आमच्याकडे आली, कारण आजी तिला घ्यायला इथेच येऊन बसली होती. ऑक्टोबरच्या उन्हातही जाकीट अंगात होतं. सॅकमध्ये मावत नव्हतं म्हणाली. रंग थोडा उतरला होता, बटणं दुसरी होती. आणि डाव्या कोपराला मोठं ठिगळ, पांढऱ्या जाड लोकरीनं वेडंवाकडं रफू केलेलं. एका एडक्यानं शिंग मारलं होतं.

"काकू, मीच केलंय. हातात सुई धरायचीही सवय नाही मला," ती ओशाळून म्हणाली. "नीट करून द्याल?"

मी ते ठिगळ पाहिलं. टाके कुठे लांब, कुठे आखूड, पण घट्ट होते. उसवायला माझा हात होईना. मी नीट करते म्हणायच्या आत भामाबाईंनी तिचा हात धरून जवळ ओढला आणि ती पांढरी लोकर दोन बोटांत चोळली.

"ही कुटल्या मेंढराची गं?"

"तिथलीच आहे, आज्जी. डोंगरातली. उन्हाळ्यात वर घेऊन जातात, थंडी पडायच्या आत खाली आणतात."

"चालत?"

"चालत. महिना महिना."

"आमच्यावानीच की," भामाबाई म्हणाल्या. मग त्या भराभरा विचारू लागल्या. कळपात किती असतात, कुत्री किती, कोकरं कधी होतात, दूध काढतात का, पाय भिजून खुरं नासली की काय करतात. आश्विनी उत्तरं देत होती. खुरांचं आलं तेव्हा तिनं औषधाचं नाव सांगितलं. भामाबाईंनी मान हलवली आणि त्या म्हणाल्या, "त्याच्या आदी काय करायचं ते ठावं हाय का तुला? औषध लागायची पाळीच येऊ नये म्हनून?"

"काय करायचं?"

भामाबाई सांगायला लागल्या. बसायची जागा कशी बदलायची, कुठल्या जमिनीवर बसवायचं आणि कुठल्या नाही, चालताना लंगडायच्या आधी मेंढी मान कशी धरते. मला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. आश्विनी दोन मिनिटं ऐकत राहिली आणि मग तिनं सॅक उघडून वही काढली.

"आज्जी, थांब. पहिल्यापासून सांग. मला लिहून घेऊ दे."

"ह्यात काय लिवायचं?" भामाबाई म्हणाल्या, पण त्या सरसावून बसल्या.

तेवढ्यात दारात एक बाई आली. जावयाच्या स्वेटरचं माप तिच्या हातात होतं. दुकान सताड उघडं, मी समोर, सुया हातात. पद्मानं मशीनवरून मान वर करून आधी त्या दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या बाईला म्हणाली, "दुकान बंद हाय आज. उद्या या."